माशांसाठी नांगरलेले तलाव

भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले की व्यापारी घरांना आधी तांदूळ आठवतो, मग पितळेची भांडी, मोहाडीकडचे टसर आणि तुमसरच्या बाजूचे मँगनीज. जिल्ह्याची आणखी एक ओळख मात्र बाजारपेठेच्या वहीत फारशी चढलेली नाही. हा तलावांचा जिल्हा आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मोठे तलाव दोहोंत विभागले गेले. परंतु पाण्याला ही सीमा ठाऊक नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे सारे तलाव एकाच जलव्यवस्थेचे अवयव आहेत. त्या व्यवस्थेतील देशी मासे गेल्या अर्धशतकात झपाट्याने विरळ होत गेले आणि त्यांना परत आणण्यासाठी येथील ढिवर मासेमार व काही अभ्यासक यांनी जे काम उभे केले, ते महाराष्ट्रात तरी दुर्मीळ म्हणावे लागेल. मासे वाचवायचे म्हणून त्यांनी पाण्यात मासे सोडण्यापासून सुरुवात केली नाही. त्यांनी तलावाचा तळ नांगरला.

शाकाहारी घराला हा विषय कदाचित दूरचा वाटेल. तथापि ज्या जलाशयाच्या पाण्यावर धानाची शेती पिकते आणि त्या धानावर गिरणी व आडत चालते, त्या जलाशयाच्या पोटात काय घडते आहे, हे जाणून घेणे कोणाही भंडारकराला अप्रस्तुत नाही. शिवाय येथे प्रश्न केवळ किती मासे धरले गेले याचा नाही. एखादी जात पाण्यातून कायमची नाहीशी होते म्हणजे नेमके काय होते, आणि ती परत आणायची असेल तर किती जणांची संमती मिळवावी लागते, हा आहे.

कोहळींचा वारसा

पूर्व विदर्भातील या तलावांचा इतिहास गोंड राजवटीपर्यंत मागे जातो. जंगल साफ करून, तलाव बांधून जो गाव वसवील त्याला जमिनीचे हक्क देण्याची पद्धत त्या काळी होती. या पद्धतीचा सर्वाधिक लाभ ज्यांनी घेतला ते कोहळी समाजाचे लोक. ऊस आणि धान पिकवणारा हा समाज तलाव बांधण्याच्या कौशल्यासाठी इंग्रजी अमदानीतील सरकारी ग्रंथांतही नावाजला गेला. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगते. कोलासूर म्हणून त्यांचे स्मरण आजही त्या परिसरात केले जाते. दोन टेकड्यांमधली अरुंद वाट हेरायची, तेथे मातीची पाळ घालायची आणि बाकीचे काम डोंगरउतारावर सोपवायचे, एवढ्या साधेपणाने केलेली ही स्थापत्यविद्या होती. पाणी सोडण्यासाठी दगडी तुडुम, जादा पाण्यासाठी सांडवा, खाली पाट. एका तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या बोडीत, तिथून नाल्यात, नाल्यातून चुलबंदीसारख्या उपनदीत आणि अखेर वैनगंगेत.

ही साखळी शेतीसाठी रचली गेली असली तरी माशांनी तिचा आपल्या परीने उपयोग करून घेतला. मृगाचा पाऊस कोसळू लागला, नाले उलटे भरभरून वाहू लागले की नदीच्या डोहांतील मासे प्रवाहाविरुद्ध वर चढत. उथळ, गवताळ, ताज्या पाण्याने नुकत्याच बुडालेल्या काठावर ते अंडी घालीत. पावसाळा सरता सरता पिले खोल पाण्यात उतरत, काही सांडव्यावाटे पुन्हा नदीकडे जात. नदी आणि तलाव यांच्यात दरसाल होणारी ही देवाणघेवाण कोणी योजली नव्हती. ती पाण्याच्या रचनेतून आपोआप घडत होती.

पुढे मालगुजारी आली. तलाव मालगुजारांच्या नावावर झाले, पण गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क टिकले आणि दुरुस्तीला गावाचे हात लागत राहिले. 1950 च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशातील मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे जोडून लोकांनी त्यांना 'मामा तलाव' हे नाव दिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. मालक बदलला, हे कागदावर ठीक होते. प्रत्यक्षात तलावाला जो एक धनी होता तो गेला आणि त्याच्या जागी अनेक खाती आली.

बीज बाहेरचे, पाणी येथले

10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कटला-रोहू वर्गातील माशांचे प्रजनन घडवून आणले. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. चौधरींच्या यशामुळे मत्स्यबीज केंद्रांत हवे तेव्हा, हवे तेवढे बीज तयार करणे शक्य झाले. देशाच्या मत्स्योत्पादनासाठी ही क्रांतीच होती, आणि म्हणूनच 10 जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कटला पृष्ठभागावरचे अन्न खातो, रोहू मधल्या थरातले आणि मृगळ तळाचे. एकाच पाण्यात तीन मजली दुकान थाटावे तशी ही योजना होती. त्यात पुढे परदेशातून आणलेले चंदेरी कार्प, गवत्या कार्प आणि सामान्य कार्प यांची भर पडली. मच्छीमार सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले आणि ठेक्याबरोबर बीज सोडण्याची शिस्तही आली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब सरळ होता. बीज विकत घ्यावे, आठ-दहा महिने थांबावे, माल काढून विकावा. पण या हिशेबात एक बाजू लिहायची राहून गेली. पूर्वी तलाव हा स्वतःच बीज निर्माण करणारी पेढी होता. मुद्दल पाण्यातच असे आणि ढिवर फक्त व्याज उचलीत. आता मुद्दल दरवर्षी बाहेरून विकत घ्यावे लागू लागले. बीज मेले, पुरात सांडव्यावरून वाहून गेले किंवा ठेक्याची रक्कम वाढली, की संस्थेच्या माथी कर्ज.

दुसरा परिणाम हळू आणि न दिसणारा होता. गवत्या कार्पचे नावच त्याचा आहार सांगते. तो पाणवनस्पती फस्त करतो. सामान्य कार्प तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही, तेव्हा उरलेल्या वनस्पतीही खंगतात. वनस्पती गेल्या की त्यांच्या आडोशाने जगणारे देशी मासे उघड्यावर पडतात. मरळ पाणगवतात घरटे करून पिले मोठी होईपर्यंत त्यांची राखण करतो. गवतच नसेल तर घरटे कुठे बांधणार? वाम तळाच्या मऊ गाळात दडून राहतो. शिवडा हा मोठा शिकारी मासा जागतिक पातळीवरच 'असुरक्षित' गणला गेला आहे, तर देशी मांगूर 'संकटग्रस्त' यादीत आहे. त्या मांगुराच्या जागी देशभर घुसलेला आफ्रिकन मांगूर सरकारने बंदी घालूनही पुरता हटलेला नाही.

याखेरीज बेशरम. विदर्भात या झुडपाला दुसरे नाव नाही आणि त्याची गरजही नाही. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, तोडले तर मोडलेल्या प्रत्येक फांदीला नवी मुळे फुटतात, आणि तलावाचा जो उथळ काठ माशांच्या अंड्यांसाठी राखीव असायचा तो नेमका त्याने व्यापला. धानाच्या बांध्यांतून वाहून येणारी रासायनिक खते आणि कीटकनाशके यांचा वाटा वेगळा. आणि ज्याला सुधारणा म्हटले जाते त्या खोलीकरणानेही नुकसान केलेच. गाळ काढण्याला विरोध असण्याचे कारण नाही. साठा वाढतो, शेतात सुपीक माती जाते. परंतु यंत्राने तलाव सरसकट खणून त्याची सरळ कडांची टाकी केली, तर मंद उताराचा काठ नाहीसा होतो. पाणी वाढते आणि माशांचे सूतिकागृह मोडते. ही गोष्ट अंदाजपत्रक करणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते, कारण घनमीटरमध्ये मोजायला ती अवघड आहे.

जाणत्यांची शाळा

या परिस्थितीत 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने तलावांचा अभ्यास हाती घेतला. मंडळाचे मनीष राजनकर हे या कामाचे प्रमुख सूत्रधार. आरंभी अभ्यासाचा रोख तलावांचा इतिहास आणि कोहळींचे तंत्र यांवर होता. मात्र तलावाकाठी वावरताना हे लक्षात आले की पाण्यातील जीवसृष्टीचे सर्वांत सूक्ष्म ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्यांना आजवर कोणी काही विचारलेलेच नाही. अर्जुनी मोरगाव परिसरातील अनुभवी ढिवर मासेमार पतिराम तुमसरे यांच्यासारखे जाणते या कामाचे खरे गुरू ठरले. अर्जुनी मोरगाव तालुका आज गोंदिया जिल्ह्यात असला तरी तो जुन्या भंडाऱ्याचाच भाग.

ढिवरांचे ज्ञान ग्रंथात नव्हते. ते जाळ्यात, नाकात आणि तळपायात होते. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा सापडतो, कोणता गवत खातो आणि कोणता गवतावर बसलेले किडे, कोणाची अंडी पानाला चिकटतात आणि कोणाची तळाशी पडतात, याची उत्तरे त्यांच्यापाशी होती. या माहितीची वनस्पतिशास्त्राशी सांगड घालताना पाणवनस्पतींचे ढोबळ तीन गट पुढे आले. पूर्ण पाण्याखाली वाढणाऱ्या गाद, चिला यांसारख्या. मुळे तळात आणि पाने पाण्यावर अशा कमळ, चौरा, पवन यांसारख्या. आणि काठावरच्या देवधान, पांच यांसारख्या गवतवर्गीय. पहिल्या गटातून अन्न आणि प्राणवायू, दुसऱ्यातून सावली आणि आडोसा, तिसऱ्यातून अंड्यांची जागा. तिन्ही गट ज्या तलावात आहेत त्यातच माशांच्या अनेक जाती एकत्र नांदतात, ही गोष्ट जाणत्यांना पाठ होती आणि पाहणीतही तिचा प्रत्यय आला.

देवधान म्हणजे रानभात, आपल्या धानाचाच रानटी नातलग. अशा पाणथळींच्या आधाराने सारस पक्षीही जगतात. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडारा याच पट्ट्यात उरले आहेत. एक गवत राखले की मासा, पक्षी आणि भाताचा मूळ वाण अशी तिघांची सोय होते.

पाणी आटते तेव्हा

पुनरुज्जीवनाचे वेळापत्रक पंचांगाला बांधलेले आहे. वैशाख-ज्येष्ठात तलाव आटतो आणि तळ उघडा पडतो, तेव्हाच काम करता येते. आधी बेशरम मुळासकट उपटायचे. नुसते कापून टाकले तर पहिल्याच पावसात ते दुप्पट जोमाने उठते, म्हणून उपटलेला ढीग पाण्यापासून दूर नेऊन वाळवणे हे तितकेच महत्त्वाचे. मग तलावाच्या निवडक भागात नांगर फिरवायचा. वर्षानुवर्षे उन्हात भाजून, जनावरांच्या खुरांनी दडपून दगडासारखा झालेला थर फुटला नाही, तर त्यात कंद रुजत नाहीत. ही नांगरणी धानाच्या शेतासारखीच दिसते. पाहणाऱ्याला तलावात कोणी पीक घेतो आहे असे वाटावे.

पहिल्या सरींनंतर चिखल झाला की लावणी. रोपे, कंद आणि मुळांचे गड्डे ज्या तलावात अद्याप शिल्लक आहेत तेथून आणले जातात. कोणती वनस्पती किती खोलीवर लावायची हे ठरवताना जाणते ढिवर काठाची पावले मोजतात: पूर्ण भरल्यावर येथे गुडघाभर पाणी राहील, तेथे कमरेइतके. चूक झाली तर रोप बुडून कुजते किंवा उघडे पडून वाळते. लावणीनंतर जनावरांपासून राखण करावी लागते, कारण पावसाळ्याच्या तोंडी हिरव्या कोवळ्या गवताइतके गायी-म्हशींना दुसरे आकर्षण नसते.

या सर्व श्रमांत ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बेशरम उपटणे, रोपे गोळा करणे, लावणी करणे ही कामे त्यांच्या हातांनी होतात. पूर्वी ढिवर कुटुंबात मासे बाजारात नेऊन विकण्याचे काम स्त्रियांचे, पण सहकारी संस्थेच्या सभासदत्वात आणि बैठकीत त्यांना स्थान नसे. पाणवनस्पतींच्या कामात त्या पुढे आल्या आणि गावोगावी स्त्रियांचे गट बांधले गेले, तेव्हा संस्थेच्या निर्णयांत त्यांचे म्हणणे येऊ लागले. ठेकेदारी, जाळी आणि बीज यांच्या चर्चेत पुरुषांच्या तोंडी कधी न येणारा प्रश्न त्या विचारतात: घरात खायला लहान मासा राहिला का? बाजारात कटल्याला भाव असतो, पण गरीब घराच्या ताटात येतात ते बोटभर लांबीचे देशी मासे. ते तलावातून गेले आणि कुपोषणाचे एक दार उघडले.

न धरण्याची किंमत

वनस्पती लावल्या म्हणून मासे लगेच येत नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि येथेच या कामाचा सर्वांत कठीण भाग सुरू होतो. ज्यांच्याजवळ शेती नाही, ज्यांचे रोजचे मीठ-मिरची जाळ्यावर अवलंबून आहे, त्यांनी काही काळ जाळे आवरायचे. अंडी घालण्याच्या दिवसांत चढणीचे मासे धरायचे नाहीत, बारीक विणीची जाळी वापरायची नाहीत, गवत्या कार्पसारखे बीज स्वस्त मिळाले तरी सोडायचे नाही.

जैन कथावाङ्मयात मृगसेन धीवराची कथा आहे. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून देण्याचे व्रत त्याने मुनींकडून घेतले; तोच मासा पुनःपुन्हा पाच वेळा जाळ्यात आला आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. तो रिकाम्या हाताने घरी गेला तेव्हा पत्नीने त्याला घरात घेतले नाही. कथेचा हा भाग प्रवचनांत सहसा घाईने सांगितला जातो, परंतु भंडाऱ्याच्या तलावाकाठी तोच भाग सर्वांत खरा वाटतो. सोडून दिलेल्या माशाची किंमत घरातल्या चुलीने चुकती केलेली असते. ढिवरांच्या बैठकांत वाद होतात ते याच मुद्द्यावर. तरुण सभासद विचारतात की आपण थांबलो आणि शेजारच्या गावच्या लोकांनी रात्री जाळे टाकले तर? किंवा आपण दोन वर्षे राखण केली आणि ठेका दुसऱ्याच्या हाती गेला तर? हे प्रश्न भित्रेपणाचे नाहीत. कोणताही शहाणा व्यापारी पाच वर्षांत परतावा देणाऱ्या कामात, तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, पैसे घालताना हेच विचारील.

अभ्यास मंडळाने येथे सरधोपट बंदीचा आग्रह धरला नाही, हे त्यांचे शहाणपण. कटला, रोहू, मृगळ यांना पाण्यातून हाकलून द्यावे असे कोणी म्हटले नाही. ते पाण्यात राहतात आणि उत्पन्न चालू ठेवतात. वगळले गेले ते वनस्पती खाणारे आणि तळ उकरणारे. तलावाचा एक भाग लावणीसाठी राखायचा, बाकीचा मोकळा. अशी तडजोड पोथीनिष्ठ संवर्धकाला रुचणार नाही, पण तिच्यामुळेच मासेमार संस्था या कामात टिकल्या. संस्थांनी स्वतःच्या ठरावाने घातलेले नियम बाहेरून लादलेल्या नियमांपेक्षा अधिक पाळले जातात.

एका तलावाचे अनेक धनी

आता समन्वयाची गोष्ट. एखाद्या मामा तलावात कमळ लावायचे असेल तर कोणाकोणाला विचारावे लागते? पाणी जिल्हा परिषदेच्या किंवा राज्याच्या सिंचन यंत्रणेच्या अखत्यारीत. मासळीचा ठेका वेगळ्या खात्याच्या नियमांनी. तळाची जमीन महसुलाच्या नोंदीत. काठ जंगलाला लागून असेल तर वनखाते. गावाचे निस्तार हक्क आहेतच, ग्रामपंचायत आहे, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समितीही असावी लागते. यांपैकी कोणाच्याही कामाच्या यादीत 'माशांचे घर' हा शब्द नाही.

सर्वांत नाजूक वाटाघाट शेतकऱ्यांशी असते. धानाला शेवटचे पाणी हवे असते तेव्हा तुडुम पूर्ण उघडले जाते आणि कधी तलाव तळापर्यंत रिता होतो. मासेमाराला थोडे पाणी शिल्लक हवे, नाहीतर बीजमासे उन्हाळा काढणार कसे? दोघेही एकाच गावचे, एकमेकांच्या लग्नकार्याला जाणारे. येथे कायद्यापेक्षा पारावरची बैठक उपयोगी पडते. तलावाच्या सर्वांत खोल भागात डबके राहील एवढे पाणी सोडायचे नाही, असे गावाने ठरवले तर त्यात शेताचे फारसे बिघडत नाही; पण हे आधी ठरले पाहिजे, ऐन तुटवड्यात नव्हे. कोहळी-मालगुजारांच्या काळी हा निर्णय एका माणसाच्या शब्दावर होई. आजची पद्धत अधिक न्याय्य आहे आणि अधिक वेळखाऊही.

कायद्याचा एक आधार अलीकडे हाती आला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये जलाशयांतील मासे आणि इतर उपज यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, तेथील ग्रामसभा वनक्षेत्रातील तलावाविषयी अधिकाराने बोलू शकते. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात गोड्या पाण्यातील जैवविविधता हा एक विषय आहे. शासनाने बियाण्यांबरोबर माशांचाही विचार करावा, हे स्वागतार्ह. मात्र निधीचे वर्ष मार्चला संपते आणि लावणी जूनमध्ये होते, या साध्या विसंगतीवर कोणत्याही योजनेत उतारा काढलेला दिसत नाही.

नदीचे काय?

तलाव सावरले तरी त्यांची आई असलेली नदी बदलली आहे. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणारी वैनगंगा भंडारा शहरावरून पवनीकडे येते, आणि पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण तिला अडवते. 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. धरणाने सिंचनाचे स्वप्न दिले, गावे उठवली आणि माशांचा वर-खाली जाण्याचा मार्ग बंद केला. जलाशयात येणाऱ्या कन्हान नदीतून नागपूर शहराचे सांडपाणीही येते, कारण नाग नदी कन्हानलाच मिळते. जलपर्णीचे हिरवे थर भंडाऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. जलपर्णी आणि कमळ दोन्ही पाण्यावर हिरवी दिसतात, पण एक तळाला घट्ट धरून असते आणि दुसरी वाहत येऊन पाण्याचा श्वास कोंडते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे सामन माशांची वाट अडवणारी दोन धरणे 2011 ते 2014 या काळात उतरवण्यात आली. त्यासाठीचा कायदा 1992 चा; म्हणजे नियोजन आणि निधी जमवण्यात जवळपास वीस वर्षे गेली. धरणे जाताच उघड्या पडलेल्या गाळावर स्थानिक वनस्पतींची लागवड झाली. नदीकाठच्या क्लालम आदिवासींनी स्वतः मासेमारी थांबवली आणि 2023 मध्ये मर्यादित प्रमाणात, मुख्यतः विधीसाठी, पुन्हा जाळी टाकली. तेथेही वाद झाला तो बीजकेंद्रातील मासे सोडावेत की नदीच्या मूळ वाणाला स्वतःहून वाढू द्यावे यावरच, आणि तो न्यायालयापर्यंत गेला. एका श्रीमंत देशातील प्रचंड प्रकल्पात आणि अर्जुनी मोरगावच्या गुडघाभर पाण्यात उभा ठाकणारा प्रश्न एकच असावा, हे विलक्षण आहे.

गोसीखुर्द कोणी पाडणार नाही आणि तशी मागणीही नाही. म्हणूनच धरणाच्या वरच्या अंगाला असलेले नाले, बोड्या आणि मामा तलाव यांचे महत्त्व वाढते. मुख्य प्रवाहात ज्यांना थारा उरला नाही, त्या जातींसाठी ही विखुरलेली पाणीघरे आसरा ठरू शकतात, जर ती एकमेकांशी जोडलेली राहिली तर. सांडव्याखालचा नाला रस्त्याच्या बांधकामात बुजला, नळीचा पूल उंचावर बसवला, की एक तलाव साखळीतून निखळतो. ही किरकोळ वाटणारी कामे भंडारा-गोंदियात दरवर्षी शेकड्यांनी निघतात आणि त्यांचे कंत्राटदार, पुरवठादार पुष्कळदा याच भागातील व्यापारी कुटुंबांतले असतात. पुलाची नळी नाल्याच्या तळाशी समपातळीत बसवायला जादा खर्च जवळपास येत नाही.

ज्या तलावांत लावणी यशस्वी झाली, तेथील काठ आता दुसऱ्या तलावांसाठी रोपवाटिकेसारखे उपयोगी पडतात. ज्येष्ठाच्या अखेरीस शेजारच्या गावचे ढिवर तेथे येतात, गाद, चौरा आणि पवन यांचे गड्डे ओल्या कापडात गुंडाळून टोपल्यांत भरतात आणि ऊन चढण्याच्या आत आपापल्या तलावाकडे निघतात. मुळे वाळू द्यायची नाहीत, एवढी एकच घाई त्यांना असते.